क्रेव्हन्स लास्ट हंट: तोतया स्पायडरमॅनची गोष्ट, पैसे वसूल होतात का?

आधी निकाल सांगून टाकतो, कारण निम्म्या लोकांना तेवढंच हवं असतं. घ्या. नवी प्रत परवडत असेल तर नवी घ्या, नाहीतर जुनी घ्या, पण सहाच्या सहा भाग आत आहेत ना ते उघडून बघा आणि मगच पैसे काढा. आणि दहा-बारा वर्षांच्या पोराच्या वाढदिवसाला देऊ नका प्लीज. कव्हरवर स्पायडरमॅन दिसतोय म्हणून उचलून द्यायचं हे पुस्तक नाही, आत एक माणूस जिवंत पुरलाय, गटारात राहणारा एक जीव माणसं खातो आणि शेवटाकडे एक आत्महत्या आहे, तेव्हा घरात कोणी त्या बाबतीत हळवं असेल तर आधी तुम्ही वाचा आणि मग ठरवा.

पुस्तक मार्व्हलचं, गोष्ट १९८७ सालची. लेखक जे. एम. डिमॅटिस, पेन्सिलने काढलेली चित्रं माइक झेकची, त्यांवर शाई बॉब मक्लाउडची. आता गंमत बघा, ही गोष्ट मुळात एका मासिकात आलीच नव्हती. त्या काळी स्पायडरमॅनची तीन मासिकं चालायची, वेब ऑफ स्पायडरमॅन, अमेझिंग स्पायडरमॅन आणि स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन, आणि त्या तिन्हींचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे अंक अडवून ही एकच गोष्ट सलग छापली. वेबचा ३१, मग अमेझिंगचा २९३, मग स्पेक्टॅक्युलरचा १३१, की परत वेब ३२, अमेझिंग २९४ आणि स्पेक्टॅक्युलर १३२. हा क्रम मुद्दाम लिहून देतोय, कारण सुटे अंक जमवणारे हौशी लोक पुण्यात बरेच आहेत आणि त्यांना नुसत्या अमेझिंगचे दोन अंक मिळाले की वाटतं गोष्ट हातात आली, मग वाचायला बसतात तर पहिल्याच पानावर हीरो थडग्यात, आणि का ते कळायला मार्ग नाही.

पुण्यात हे मिळतं का? मिळतं, पण शोधायला लागतं. आप्पा बळवंत चौकात जाऊ नका एवढंच सांगतो. तिथे एमपीएससीचे गठ्ठे आहेत, इंजिनिअरिंगच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, गाईडं आहेत, पण स्पायडरमॅन मागितला तर काउंटरवरचे काका अत्यंत निर्विकार चेहऱ्याने रंगवायचं पुस्तक काढून समोर ठेवतात आणि वर विचारतात की खडू पण देऊ का. डेक्कन, एफसी रोडकडच्या मोठ्या दुकानांत इंग्रजी कॉमिक्सचं एखादं कपाट असतं, त्यात असलं तर असलं. मी एकदा ऑनलाइन मागवली होती, दुकानाचं नाव घेत नाही, तर पुठ्ठ्याशिवाय नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवली आणि कणा मोडलेला, दोन कोपरे दुमडलेले, परत पाठवताना माझा जीव गेला. नंतर जुन्या पुस्तकांवाल्याकडे एक मिळाली, आतल्या पानावर कोणीतरी कोणाला तरी प्रेमाने भेट दिल्याचं लिहिलेलं, आणि त्या माणसाने ती प्रेमाने विकून टाकलेली. तीच माझी आता कायमची प्रत. बांधणी जरा घट्ट आहे, डावं-उजवं पान मिळून एकच मोठं चित्र असेल तिथे मधला भाग शिवणीत गडप होतो, ही तक्रार पेपरबॅकवाल्या सगळ्यांचीच असणार. पुस्तक अगदी सपाट उघडायला जाऊ नका, पानं सुटतात.

आता गोष्ट. इथून पुढे सगळं उघड सांगणारे, जवळजवळ चाळीस वर्षं झाली छापून, आता काय लपवायचं.

क्रेव्हन म्हणजे सर्गेई क्रॅव्हिनॉफ. रशियन खानदानी घराण्यातला, क्रांतीनंतर देशोधडीला लागलेल्या लोकांतला, मोठा शिकारी. १९६४ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्कोने त्याला अमेझिंगच्या १५व्या अंकात आणला आणि तेव्हापासून खरं सांगायचं तर तो विनोदीच होता, सिंहाच्या आयाळीचं जाकीट घालून स्पायडरमॅनच्या मागे पळायचं आणि दर वेळी मार खाऊन घरी जायचं एवढाच त्याचा कार्यक्रम. डिमॅटिसने काय केलं, तर या हास्यास्पद माणसाला विचारलं की बाबा रे, इतकी वर्षं हरतोयस, तुला रात्री झोप कशी लागते? आणि त्या प्रश्नातून हे सगळं पुस्तक निघालं असं मला वाटतं.

तर क्रेव्हन आता थकलाय. पेंढा भरलेल्या जनावरांच्या मधे राहतो, जंगलातली औषधं पितो, आई वेडी होती असं लोक म्हणायचे हे स्वतःशी पुटपुटत बसतो. पावसातल्या रात्री तो स्पायडरमॅनला गाठतो, औषधाने अर्धमेला करतो, जाळ्यात पकडतो आणि बंदूक रोखून गोळी झाडतो. मग शवपेटीत घालून पुरतो. आणि त्याच्यासारखाच काळा ड्रेस अंगात चढवून शहरात निघतो. पहिला भाग इथेच संपतो राव, म्हणजे सहातला पहिला! पीटर पार्करचं, म्हणजे मास्कमागच्या खऱ्या स्पायडरमॅनचं, तेव्हा नुकतंच मेरी जेनशी लग्न झालंय, त्याच वर्षीच्या वार्षिक अंकात लग्न लावलं होतं, आणि ही बाई नवीन संसारात खिडकीपाशी बसून वाट बघतीये.

तोतया म्हटलं की आपल्याला पुण्यात बसून सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवणारच, त्याला इलाज नाही. १७६१ ला पानिपत झालं, भाऊ परत आले नाहीत, पार्वतीबाई शेवटपर्यंत मानायला तयार नव्हत्या की ते गेले, आणि मग एक माणूस उभा राहिला की मीच तो भाऊ. रत्नागिरीकडे कैदेत होता, तिथून सुटला, १७७६ मध्ये कोकणात बंड केलं, माणसं त्याच्या मागे गेली, शेवटी पकडून पुण्यात आणला आणि मारला. (वर ज्या चौकाला नावं ठेवली तो ज्या आप्पा बळवंतांच्या नावाचा, त्यांचे वडील बळवंतराव मेहेंदळे पण पानिपतच्याच मोहिमेत पडले, हे आपलं जाता जाता.) तर त्या तोतयाचं गणित सरळ होतं, लोकांनी मला भाऊ म्हणावं म्हणजे भाऊचं जे जे आहे ते माझं. जगातले झाडून सगळे तोतये असेच असतात, त्यांना कोणीतरी फसायला हवं असतं. स्पायडरमॅनच्या पुस्तकांतही तेच, कॅमेलियन नावाच्या खलनायकाने १९६३ च्या पहिल्याच अंकात त्याचं सोंग घेतलं ते चोरीचा आळ त्याच्यावर टाकायला, मिस्टेरिओने पुढच्या वर्षी तेच केलं.

क्रेव्हनला यातलं काहीच नकोय. आणि म्हणून हे पुस्तक वेगळं आहे. त्याला चोरी करायची नाही, पीटरची बायको नको, नाव नको, लोकांना तो खरा वाटला काय आणि खोटा वाटला काय, त्याला घंटा फरक पडत नाही. उलट तो गुंडांनाच मारत सुटतो! म्हणजे स्पायडरमॅनचंच काम करतो, फक्त हाडं मोडून करतो, आणि एका-दोघांचा जीव जातो तेव्हा थांबत नाही. त्याला एवढंच सिद्ध करायचंय, आणि तेही स्वतःलाच, की तुझी जागा मी तुझ्यापेक्षा चांगली चालवून दाखवतो. असला तोतया जास्त भीतीदायक असतो, कारण त्याला पकडायला कुठे लबाडीच सापडत नाही.

माझा भाचा अकरावीत आहे, त्याला वाचायला दिलं तर दुसऱ्या भागातल्या एका पानावर बोट ठेवून म्हणाला, मामा, हा खरा नाहीये हे मला तोंडावर मास्क असून कळलं, कसं काय? तर कसं काय याचं उत्तर माइक झेक. ड्रेस तोच, मोठा पांढरा कोळी छातीवर तोच, पण आतलं शरीर दुसरं. पीटर नेहमी सडपातळ, वाकडातिकडा, हातपाय कुठेही फेकलेला असतो. क्रेव्हन रुंद आहे, मान खांद्यात गेलेली, पाय जमिनीत रोवून उभा राहतो, आणि भिंतीवर चढला तरी कोळ्यासारखा न दिसता दबा धरलेल्या जनावरासारखा दिसतो. हा झेक म्हणजे ज्याने सिक्रेट वॉर्स या मार्व्हलच्या मालिकेत स्पायडरमॅनला तो काळा ड्रेस कसा मिळाला ते चितारलं तोच माणूस, त्यामुळे त्याला त्या काळ्या रंगाचं काय करायचं ते पक्कं माहितीये. (इथला ड्रेस साध्या कापडाचा आहे, परग्रहावरचा जिवंतवाला नव्हे, लोक इथे गोंधळ घालतात.) मक्लाउडच्या शाईने पाऊस जो काढलाय, तो बघा एकदा. आख्ख्या पुस्तकात कोरडं पान शोधायला लागेल, जुलैमध्ये खिडकीबाहेर आपली रिपरिप चालू असताना वाचा, पान ओलं तर नाही ना झालं म्हणून हात फिरवाल.

लिखाणाबद्दल मात्र मत विभागलं जाईल. डिमॅटिसला एकेका चौकटीत एकेक शब्द टाकायची सवय आहे, पीटरचं मनातलं, क्रेव्हनचं मनातलं, मेरी जेनचं, त्या गटारातल्या व्हर्मिनचं, सगळ्यांचं मनातलं एकाच पानावर एकमेकांत विणत जातो. पहिल्या दोन भागांत अंगावर काटा येतो. विल्यम ब्लेकची वाघावरची कविता आहे ना, तिच्यात वाघ काढून कोळी घातलाय आणि तो क्रेव्हनच्या तोंडी परत परत येतो. पहिल्यांदा भारी वाटतं, दुसऱ्यांदा पण, नंतर असं होतं की अरे बाबा कळलं, ब्लेक वाचलाय तू, पुढे चल. माझ्या एका मित्राने तर याच कारणाने पुस्तक अर्ध्यात ठेवलं, म्हणाला यात लोक बोलतच नाहीत, नुसते मनात कुढतात. मी त्याला म्हटलं बरोबर आहे तुझं, पण पुरलेला माणूस कोणाशी बोलणार.

मेरी जेनचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला आणि सगळ्यात जास्त राग पण तिथेच आला. आवडला यासाठी की तोतयाला ओळखण्याचं काम तिच्याकडे दिलंय. रस्त्यात तिला गुंड गाठतात, काळ्या ड्रेसमधला माणूस वरून उतरतो आणि तिला वाचवतो, म्हणजे वरवर बघितलं तर नवरा आला, सुटलो! आणि तिला तिथल्या तिथे कळतं की हा तो नाही. वाचवण्याच्या पद्धतीवरून कळतं. तो ज्या तऱ्हेने समोरच्यांना मारतो, त्यात कुठे थांबणंच नाही, आणि तिचा नवरा थांबतो. जेमतेम काही चौकटींचा प्रसंग आहे, पण सगळं पुस्तक त्याच्यावर उभं आहे. पोलीस, पेपरवाले, आख्खं शहर ड्रेस बघतंय आणि ही एकटी माणूस बघतीये. आणि राग यासाठी की त्यानंतर तिला काम काय, तर घरात बसून काळजी करायची आणि एका उंदराला मारायचं. तो उंदराचा प्रसंग वाईट नाही, तिची घालमेल त्यात दिसते, पण एवढी हुशार बाई, तिने काहीतरी हालचाल करायला हवी होती असं वाटत राहतं. घरी बायकोने वाचलं तर तिचंही हेच, म्हणाली दोन आठवडे नवरा गायब आणि ही फोनसुद्धा धड करत नाही कोणाला, मी तर तुमचे सगळे मित्र उठवले असते.

हो, दोन आठवडे. पीटर दोन आठवडे मातीखाली आहे. क्रेव्हनने गोळीतून त्याला मारलेलंच नसतं, मेल्यासारखं निपचित ठेवणारं औषध दिलेलं असतं. आता यात डॉक्टरी प्रश्न विचारत बसलात तर अवघड आहे, पाणी कुठलं, हवा कुठली. मी विचारले नाहीत. कारण चौथ्या भागात तो जेव्हा शुद्धीवर येतो आणि माती फोडून वर येतो, ती पानं या पुस्तकाची किंमत आहेत. वेब ३२ चं कव्हरच बघा, थडग्याच्या दगडावर लिहिलंय की इथे स्पायडरमॅन पुरलाय, शिकाऱ्याने मारला, आणि खालून तो माती उपसत बाहेर येतोय. कॉमिक न वाचणाऱ्या लोकांनीही हे चित्र कुठेतरी टी-शर्टवर नाहीतर पोस्टरवर बघितलं असेल. आणि आत तो बाहेर येतो तो कशाच्या जोरावर? ताकदीच्या नाही. मेरी जेनचं नाव घेत येतो. बाहेर आल्यावर सूड घ्यायला धावत नाही, आधी तिच्याकडे जातो. हे लक्षात ठेवा, याचा हिशोब पुढे लागतो.

कारण आता येतो व्हर्मिन, आणि इथे बरेच वाचक कंटाळतात. व्हर्मिन म्हणजे अर्धा माणूस अर्धा उंदीर, गटारात राहणारा, घाबरट आणि तितकाच भयानक. पूर्वी एका गोष्टीत स्पायडरमॅनने त्याला कॅप्टन अमेरिकाच्या मदतीने आवरलेलं असतं. क्रेव्हनचं म्हणणं असं की बघा, ह्या कोळ्याला एकट्याला जमलं नाही, दुसऱ्याची मदत लागली, मी एकटा करून दाखवतो. आणि करतो. गटारात उतरून नुसत्या हाताने त्याला तुडवतो, बांधून घरी आणतो. झालं, सिद्ध झालं, मी तुझ्यापेक्षा सरस स्पायडरमॅन!

पाचव्या भागात पीटर त्याच्या घरी पोचतो, संतापाने आंधळा, मारायला लागतो, आणि क्रेव्हन उलटा हात उचलत नाही. हसतो. त्याच्या दृष्टीने खेळ संपलाय, तो जिंकलाय. व्हर्मिनला सोडतो पीटरच्या अंगावर, व्हर्मिनला वाटतं आपल्याला मारणारा हाच काळ्या ड्रेसवाला, तो पीटरला फाडायला उठतो, आणि ऐनवेळी क्रेव्हनच त्याला आवरतो आणि जाऊ देतो. पीटर व्हर्मिनच्या मागे जातो. क्रेव्हन मागे कबुलीजबाब ठेवतो, की या पंधरवड्यात जे झालं ते मी केलं, स्पायडरमॅनने नाही. आणि मग बंदूक. झेकने तो प्रसंग दाखवताना संयम ठेवलाय, त्याबद्दल त्याचे आभार. तरी त्या काळी यावरून कुरबूर झालीच, आत्महत्येला गौरव दिला असं काहींना वाटलं, आणि १९९२ मध्ये याच तिघांनी सोल ऑफ द हंटर नावाचा पुढचा भाग काढला तो बराचसा त्याला उत्तर म्हणून. तो नाही वाचलात तरी चालेल.

आता सहावा भाग. पुष्कळ लोक म्हणतात की गोष्ट पाचव्यातच संपली, सहावा म्हणजे शेपूट, गटारातला पाठलाग लांबवलाय. लांबवलाय हे खरंय. चार-पाच पानं सहज कापता आली असती, आणि खाली अंधारात कोण कुठे चाललंय ते नीट कळतही नाही. पण मी म्हणतो की तोतयाचा हिशोब याच भागात मिटतो, आणि हा भाग गाळून वाचलं तर क्रेव्हन खरंच जिंकला असं होईल. कसं ते बघा. पीटर त्याच गटारात उतरतो, नुकताच थडग्यातून निघालेला, अंधाराने त्याची फाटलीये, घाबरत घाबरत जातो. समोर तोच व्हर्मिन. आणि पीटर त्याला मारून विजय मिळवत नाही. त्याला वर उजेडात आणतो आणि सांगतो की रीड रिचर्ड्स म्हणून एकजण आहे, फँटॅस्टिक फोरवाला, त्याला सांगून तुझ्यावर काही उपाय होतोय का बघतो. म्हणजे काय, परत मदत मागतो! जी गोष्ट क्रेव्हनने कमीपणा म्हणून धरली होती, पूर्वी कॅप्टन अमेरिका लागला म्हणून, तीच गोष्ट पीटर पुन्हा राजीखुशीने करतो आणि त्याला त्यात काही लाजबिज वाटत नाही. थडग्यातून येताना बायकोच्या नावाचा आधार, गटारातून येताना रीडचा आधार. क्रेव्हनने परीक्षाच चुकीची काढली होती, एकट्याने कोण करतो याची. ड्रेस त्याला बसला, भिंतीवर चढणं जमलं, मारामारीत तर तो पुढेच होता, पण त्या ड्रेसच्या आत कायम चार माणसांची वर्दळ असते हे त्याच्या गावीच नव्हतं.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वेताळ (म्हणजे फँटम) वाचलेले लोक असतील ना, त्यांना हा भाग जास्त लागेल. वेताळाच्या गोष्टीत बरोब्बर उलटं आहे. तिथे बाप मेला की मुलगा तोच पोशाख घालतो आणि जंगलातल्या लोकांना वाटतं हा एकच माणूस शेकडो वर्षं जिवंत आहे, म्हणजे तिथे पोशाख घातला की तुम्ही वेताळ, आणि त्याला कोणी तोतया म्हणत नाही. लहानपणी ते एकदम पटायचं. क्रेव्हन बिचारा त्याच समजुतीने चालला होता, फक्त त्याच्या गोष्टीत ती समजूत चालत नाही.

आणखी एक माहिती, जी मला तरी नंतर कळली आणि मग पुस्तक परत काढून वाचलं. डिमॅटिसच्या डोक्यात ही कल्पना आली तेव्हा ती स्पायडरमॅनची नव्हतीच. आधी वंडर मॅन आणि ग्रिम रीपर अशी जोडी घेऊन मार्व्हलकडे गेला, नकार. मग डीसीकडे, म्हणजे बॅटमॅनवाल्या दुसऱ्या कंपनीकडे, बॅटमॅन आणि जोकर घेऊन गेला, तिथे तेव्हा जोकरचं दुसरं एक पुस्तक चाललं होतं म्हणून नकार. मग जोकर काढून ह्यूगो स्ट्रेंज घातला, जो बॅटमॅनला संपवून स्वतः बॅटमॅन बनतो, तरी नकार. मग ही स्पायडरमॅनकडे आली, आणि क्रेव्हन रशियन आहे हे त्याने मार्व्हलच्याच माहितीपुस्तिकेत वाचलं आणि स्वतः रशियन कादंबऱ्यांचा वेडा असल्यामुळे सूर सापडला. मला विचाराल तर हे नकार आले म्हणून बरं झालं. बॅटमॅनला पुरला असता तर तो थंड डोक्याने प्लॅन करून बाहेर आला असता. पीटर रडत, घाबरत येतो. आणि बॅटमॅनच्या घरी खिडकीपाशी कोण बसलं असतं, त्याचा नोकर आल्फ्रेड?

तोतयांची नवी पुस्तकं पण वाचलीयेत, म्हणून तुलना. २०१३ मध्ये सुपीरिअर स्पायडरमॅन सुरू झालं, डॅन स्लॉटचं. त्यात डॉक्टर ऑक्टोपस नावाचा खलनायक (खरं नाव ऑटो) पीटरच्या शरीरातच शिरतो, म्हणजे ड्रेसच काय, आख्खं अंग तोतयाचं. एक-दीड वर्ष चालली ती मालिका, मजा येते, कारण ऑटो खरंच चांगला वागायचा प्रयत्न करतो, पीएचडी पूर्ण करतो, ऑफिस काढतो, हाताखाली माणसं ठेवतो. टाइमपास म्हणून ते जास्त चांगलं, मान्य. वाक्यावाक्याला हसू येतं. पण त्यात महिनोन्महिने जवळच्या बहुतेकांना धड संशय येत नाही हे मला पचलं नाही, इथे मेरी जेन चार चौकटींत ओळखते आणि तिथे मित्रमंडळी म्हणतात की हल्ली जरा विचित्र वागतोय, बस. १९९३ मध्ये सुपरमॅन मेल्यावर चार-चार सुपरमॅन आले होते, त्याच वर्षी बॅटमॅनच्या जागी जाँ-पॉल व्हॅली आला, ती दोन्ही भलीमोठी प्रकरणं आहेत, अंक संपता संपत नाहीत. लास्ट हंट एका बैठकीत होतं. रविवारी दुपारी जेवून बसलात तर चहाच्या वेळेला संपतं.

तक्रारी राहिल्यात त्या सांगतो. पहिल्या भागात पीटर ज्याच्या मृत्यूने अस्वस्थ आहे तो जो फेस नावाचा किरकोळ भुरटा, आणि नेड लीड्सचा उल्लेख, हे नव्या वाचकाला डोक्यावरून जाणार. तेवढं कळलं नाही तरी अडत नाही, मरणाची भीती त्याच्या मागे लागलीये एवढं समजलं की पुरे. व्हर्मिनचे बळी जवळपास सगळे नुसते बळी म्हणूनच येतात, नाव नाही गाव नाही, ते जुन्या काळचं वाटतं. शहराचं काय झालं हे पण फार कमी आहे, खुनी स्पायडरमॅन दोन आठवडे मोकाट फिरतोय आणि पेपरात चार मथळे, एवढ्यावर भागवलंय. ज्या पेपरवाल्या जेमसनला आयुष्यभर स्पायडरमॅन गुन्हेगार ठरवायचा होता त्याच्यासाठी तर ही दिवाळी होती, त्याचं काहीतरी दाखवायला पाहिजे होतं यार.

आणि मार्व्हलने पुढे २०१० मध्ये ग्रिम हंट नावाच्या गोष्टीत क्रेव्हनला जिवंत केला, तेव्हापासून ह्या शेवटाचा जोर थोडा कमी झालाय हे मान्य करायला लागेल. मी ते घडलंच नाही असं धरून चालतो. २०२४ ला त्याच्यावर सिनेमा आला, तो बघून या पुस्तकाबद्दल मत बनवू नका, दोन्हींचा फार संबंध नाही.

इंग्रजी अवघड आहे का असं भाच्याच्या मित्राने विचारलं होतं. अवघड नाही, शब्द साधे आहेत, फक्त वाक्यं तुटक आहेत आणि कोण मनात बोलतंय ते चौकटीवरून ओळखायला लागतं, पहिली वीस पानं हळू वाचा. सोळाच्या पुढच्या पोरांना खुशाल द्या. जुनी प्रत घेत असाल तर शेवटचं पान फाटलेलं नाही ना आणि वेबचे दोन्ही अंक आहेत ना ते दुकानातच बघून घ्या, विक्रेता म्हणेल साहेब सगळं बरोबर आहे, तरी बघा. माझी प्रत वाचायला मागू नका, दोघांनी आधीच नंबर लावलाय.